दगड वळवणारा हात

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर पृथ्वीचा गोल होता आणि छतापासून दोरीने काळा दगड लोंबत होता. आकाशस्वामींनी तो मागे ओढून सोडला. दगड गोलावर झेपावला, स्वामींनी डोळे मिटून तळहात उचलला आणि दगड गोलाला न शिवता बाजूला वळला!

"पुढच्या महिन्यात असाच येणार, पर्वताएवढा!" स्वामी गरजले. "नाहीच वळला, तर माझं यान आहे. पण जागा हलक्या देहांनाच! औषधांनी देह जड होतो!"

टाळ्यांनी छत उडायचं बाकी राहिलं.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंच्या अंगाची मात्र लाहीलाही होत होती. याच बडबडीपायी त्यांच्या आईने इन्सुलिन सोडलं आणि पंधरवड्यात ती गेली. आता शेजारी अण्णा, बाईंचे वडील, आपल्या इन्सुलिनच्या बाटल्या स्वामींच्या पायाशी ठेवायला घेऊन बसले होते. बाईंना अण्णांचा जीव तर वाचवायचा होताच, पण या माणसाचं नाकही चारचौघांत कापायचं होतं.

दारात घड्याळं, किल्ल्या काढून घेत. धातू उल्कांना ओढतो म्हणे! भक्त बिचारे पट्टेही काढून ठेवत आणि विजार सावरत दर्शन घेत. तिथेच बाईंच्या मनात पाल चुकचुकली होती. आज त्यांनी मोज्यात टाचण्यांची डबी लपवून आणली होती.

अण्णांबरोबर त्या वर गेल्या. स्वामींनी आशीर्वादाला हात उचलताच बाईंनी डबी उपडी केली. टाचण्या टपाटप स्वामींच्या बाहीला चिकटल्या. पार साळिंदर झालं.

"ही... ही दैवी ऊर्जा!"

"मग बाही वर करा. बघू द्या सगळ्यांना."

विजार सावरणाऱ्या दोघांनीच बाही ओढली. मनगटाला वाटीएवढं लोहचुंबक बांधलेलं होतं.

"दगड लोखंडाचा आहे," बाई म्हणाल्या.

"ताई, माफ करा," स्वामी पुटपुटले.

"माफी माझ्या आईकडे माग. तुझ्याकडे यान आहे ना? जा!"

मग त्या लोकांकडे वळल्या. "लघुग्रहांचा धोका खोटा नाही. पण दुर्बिणी रोखून, गणितं मांडून माणसं पहारा देताहेत. एका लघुग्रहाला यान धडकवून त्याची वाट बदलूनही दाखवलीय. त्यासाठी कुणाला औषध सोडावं लागलं नाही."

अण्णांनी बाटल्यांची पिशवी पोटाशी धरली. "म्हणजे तुझी आई वाचली असती?"

बाईंना खोटं बोलवेना. "हो, अण्णा. कुणीतरी त्याला एकदा विचारायला हवं होतं, हे कशावरून म्हणून."