सेवेरिनोची आई

मेल्चोराचा पोरगा सेवेरिनो मागच्या हंगामात माग्दालेना नदीतल्या वाळूच्या बेटावर मेला. तापाने फणफणला होता, काठी रेटवेना, म्हणून व्यापारी आम्ब्रोसियोने त्याला आपल्या मालाच्या होडीवरून, पडावावरून, खाली उतरवलं आणि स्पेनचं कापड घेऊन पुढे गेला. जत्रा चुकली असती ना! नावाडी काय, पैशाला पासरी.

मोंपोस गावाच्या खाली नदीकाठी मेल्चोराची झोपडी. येणाजाणारा प्रत्येक नावाडी तिच्याच हातची मासळी आणि उकडलेली केळी खाऊन पुढे जायचा. यंदा आम्ब्रोसियोचा पडाव काठाला लागला तेव्हा तिने नावाड्यांच्या म्होरक्याला, तांडेलाला, बाजूला घेतलं. मारू नका म्हणाली, बोटही लावू नका, फक्त त्याच बेटावर त्याला ठेवून या. तांडेल खाली बघत राहिला. सेवेरिनोला उतरवलं तेव्हा तोही पडावावर होता आणि मूग गिळून बसला होता. त्याने होकाराची मान हलवली.

या नदीवरचे गडी आरडाओरडा केल्याशिवाय काठी मारत नाहीत. शिव्या, गाणी, संतांची नावं, सगळा एकच कालवा. आम्ब्रोसियोला त्या गोंगाटाचा भारी वैताग. दुपारी त्याच बेटावर चूल मांडली, तो जेवून सावलीच्या कापडाखाली आडवा झाला, आणि गडी जन्मात पहिल्यांदा तोंड मिटून पडाव घेऊन गेले. मेल्याला झोप तरी काय गाढ लागली!

दिवस कलताना मेल्चोरा आपली छोटी होडी घेऊन निघाली. वरच्या अंगाला पाऊस झाला होता, नदी फुगत होती. वाळू दिसेनाशी झाली होती आणि आम्ब्रोसियो गुडघाभर पाण्यात उभा राहून हात जोडत होता.

त्याचा हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर तिने होडी थांबवली.

"माझ्या पोराला तू इथंच टाकलंस. त्याचं नाव सांग, लगेच नेते तुला."

खरंच नेणार होती ती. तिला एवढंच हवं होतं, त्या तोंडातून ते नाव.

"मातेओ?" तो म्हणाला.

तिने नकाराची मान हलवली.

"मग लाझारो. तोही नाही? थांब बाई, आठवतंय मला... हिलारियो, तो काणा."

म्हणजे यांनाही त्याने असंच टाकलं होतं. लाझारो म्हणजे नदीकाठच्याच पाब्लाचा मुलगा. तो पळून गेला असं पाब्लाला सांगितलं होतं, आणि ती बिचारी अजून दोन माणसांचं रांधत होती. हिलारियोच्या बायकोला तर कुणी काही सांगितलंही नव्हतं.

तिने काठी तळाला टेकवली आणि होडी मागे रेटली.

"अगं, कुठं चाललीस?"

"पाब्लाला आणते," ती म्हणाली. "तिलाही तुझ्या तोंडून ऐकू दे."

पाणी त्याच्या कमरेला लागलं होतं. पाब्लाचं घर दोन वळणं पलीकडे होतं, आणि मेल्चोराला कसलीच घाई नव्हती.