मख्लूफचा मुका मक्नीन

पहाटेच्या झोपेत यामिनाला गाणं ऐकू यायचं. ते स्वप्नातलं की गच्चीवरच्या पिंजऱ्यातलं, हे ठरवायची तिला घाई नसायची. कसंतीना शहराच्या दरीतून धुकं वर यायचं, पूल त्यात अर्धेमुर्धे बुडायचे आणि मक्नीन एकेक सूर त्या धुक्यात सोडून द्यायचा. चिमणीपेक्षाही लहान जीव, तोंड लाल, पंखावर पिवळी पट्टी. पण गळा असा, की अंथरुणात पडल्यापडल्या वाटावं, आपण वीस वर्षांच्या आहोत आणि आज कुठलंच काम नाही. शेजारी मख्लूफ जागाच असायचा. छताकडे बघत उसासा टाकून तो म्हणायचा, "आजही गप्पच."

पहिल्यांदा तिला वाटलं होतं, थट्टा करतोय. नवऱ्याची थट्टा अशीच असायची, चेहऱ्यावरची रेषही न हलवता केलेली. मग एके दुपारी तो पिंजऱ्यापासून हातभर अंतरावर बसला होता, पक्षी जीव तोडून गात होता, आणि मख्लूफ त्याला म्हणाला, "अरे बोल की काहीतरी. मूग गिळलेस का?" तेव्हा यामिनाच्या हातातली परात खाली ठेवायची राहून गेली.

त्यानंतर तिने चोरून पारख सुरू केली. बोललेलं त्याला ऐकू येत होतं. दार वाजलं की तो उठत होता, अजान झाली की टोपी शोधत होता. पण कुकरची शिट्टी होऊन होऊन थकली तरी वर्तमानपत्राचं पान हलायचं नाही. जाड आवाज राहिले होते, बारीक आवाज तेवढे निघून गेले होते, आणि जाताना त्यांनी मालकाला सांगितलंही नव्हतं.

खरं तर मख्लूफची ख्याती डोळ्यांची. शुक्रवारच्या पक्षीबाजारात लोक पिंजरा घेऊन आधी त्याच्याकडे यायचे. मादी गात नाही, म्हणून तिला कोणी विचारत नाही. आणि नर-मादी दिसायला जवळजवळ सारखे. विकणारे तर चलाख. मख्लूफ पक्षी मुठीत घ्यायचा, तोंडावरची लाली डोळ्याच्या मागे गेलीय की डोळ्यापाशीच थबकलीय ते बघायचा. मग अंगठ्याला थुंकी लावून पंखाच्या खांद्यावरची बारीक पिसं घासायचा. नराची तिथली पिसं काळीभोर, मादीची मातकट. मादीला फासलेला रंग सुटून अंगठा काळा झाला तर विकणारा गर्दीत दिसेनासा व्हायचा. चाळीस वर्षांत त्याचा शब्द खोटा ठरला नव्हता. या पक्ष्याला हिवाळ्यात त्याने स्वतः निवडलं होतं, दहा जणांच्या देखत, "नर आहे, आणि गवई आहे" असं सांगून.

नवा पक्षी दोन महिने गप्प राहतो, म्हणून त्याने वाट पाहिली. मग थंडी संपेपर्यंत पाहिली. आता नारिंगं फुलली होती. या दिवसांत गाणार नाही तो नर कसला?

त्या गुरुवारी यामिना गच्चीवर नारिंगाच्या फुलांचा अर्क गाळायला बसली होती. तांब्याच्या भांड्याखाली मंद आच होती, नळीतून थेंब थेंब बाटलीत पडत होता, आणि वासाने सगळी गल्ली गुंगली होती. मख्लूफ पिंजरा पुसत होता. एरवीपेक्षा जास्त वेळ, एकेक काडी.

"उद्या बाजारात नेतो हिला," तो म्हणाला.

"कशाला?"

"सगळ्यांसमोर सांगतो, मादी आहे, मी चुकलो. कोणाला फुकट हवी असेल तर घेऊन जा. आणि यापुढे माझ्याकडे पिंजरे आणू नका."

"आणि मग शुक्रवारी काय कराल?"

"झोपेन. माणसं झोपतात शुक्रवारी."

खालून हम्लावी न्हाव्याने मान वर केली. त्याचं दुकान बरोबर गच्चीखाली. "काका, गवयाचं नाव काय ठेवलंत? सकाळपासून माझी गिऱ्हाइकं उठायचं नाव घेत नाहीत. दाढी झाली तरी बसून राहतात."

तो बिचारा मनापासून बोलला होता. मख्लूफच्या कानशिलावरची शीर मात्र उडायला लागली. "ऐकलंस?" तो बायकोला म्हणाला. "न्हाव्यापर्यंत गेलं. आता वस्तरा फिरवता फिरवता माझी टिंगल चाललीय." आणि तो पिंजरा खुंटीला अडकवून खाली निघून गेला.

यामिना पुन्हा बाटलीत पडणारे थेंब मोजायला लागली. कसं सांगायचं? पक्षी गातोय म्हटलं, तर डोळा वाचला पण कान गेले. न सांगावं, तर कानाचं दुःख टळेल, पण उद्या हा माणूस स्वतःच्या तोंडाने स्वतःला खोटं ठरवून येईल आणि दर शुक्रवारी भिंतीकडे तोंड करून झोपेल. इकडे आड, तिकडे विहीर. तिला त्याची दया आली, आणि दया येतेय याचा रागही आला. इतक्या वर्षांत त्याने तिला खूप काही वाटायला लावलं होतं, दया कधी नाही.

दुपार वासाने जड झाली. थेंब मोजता मोजता तिचा डोळा लागला.

स्वप्नात ती पुलावर उभी होती. दरीभर मक्नीन उडत होते, शेकडो, लाल तोंडांचे, आणि सगळ्यांच्या चोची उघड्या होत्या. आवाज नव्हता. ती ओरडली, "गा ना रे," तर ते चोची आणखी उघडून तिच्याभोवती फिरायला लागले, जणू आपलं गाणं कुठे चाललंय ते त्यांनाच कळत नव्हतं. तिला एवढंच वाटलं, की हे सगळे माझ्यावर रुसले आहेत, आणि माझं काय चुकलं ते मला कोणी सांगत नाही.

ती दचकून उठली. पिंजऱ्यातला पक्षी गात होता आणि मख्लूफ केव्हातरी परत येऊन त्याच्यासमोर बसला होता, हात गुडघ्यांवर, पोरगं रुसल्यावर बाप बसतो तसा. रोज हा त्या पुलावर उभा असतो, तिच्या मनात आलं. आणि मी शेजारी झोपून गाणं ऐकते.

ती उठली, चूल विझवली आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली.

"अहो, चष्मा लावा."

"कशाला?"

"लावा म्हणते ना. त्याचा गळा बघा."

त्याने चष्मा लावला. खांदे, लाली, पंख, सगळं त्याने शंभरदा पाहिलं होतं. गळा कशाला बघेल? गळा ऐकायचा असतो. चोचीखालची पिसं फुगली होती आणि थरथरत होती. चोच उघडत होती, मिटत होती. सगळं अंग त्या थरथरीने हलत होतं, नखं काडीला घट्ट धरून होती. मख्लूफ बघत राहिला. बराच वेळ बघत राहिला.

"आवाज आहे?" त्याने विचारलं.

"आहे."

"मोठा?"

"हम्लावीची गिऱ्हाइकं उगाच बसून राहत नाहीत."

"म्हणजे नर आहे."

"नर आहे. तुम्ही चुकला नव्हतात."

त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, खरंखुरं, बाजारातलं. ते थोडा वेळ टिकलं. मग बाकीचंही त्याच्या लक्षात आलं आणि हसू जागच्या जागी विरलं. त्याने एक बोट कानाजवळ नेलं, कानाला लावलं नाही, परत गुडघ्यावर ठेवलं.

"केव्हापासून गातोय?"

"फुलं यायच्या आधीपासून."

"आणि तू बोलली नाहीस."

"भ्याले मी," यामिना म्हणाली. "तुमच्यापेक्षा जास्त मीच भ्याले."

तो रागावेल असं तिला वाटलं होतं. रागावला असता तर बरं झालं असतं. पण त्याने नुसती आपली खुर्ची तिच्या खुर्चीला भिडवली, डोळे पक्ष्यावरच ठेवून.

"आता काय म्हणतोय, सांग."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"जसं कळेल तसं सांग."

तिने डोळे मिटले. "पाणी ओतल्यासारखं चाललंय. बारीक तोंडाच्या सुरईतून. आता वर चढला. वरच थरथरतोय, खाली यायला तयार नाही. आता तीनदा तेच तेच... आणि थांबला."

"थांबला ते दिसलं मला," मख्लूफ म्हणाला. "पुन्हा सुरू केलं बघ. पुढचं सांग."