चाळीस जोड्यांची काजळी

हे कोणी मानणार नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो. माझ्या हातच्या पॉलिशपायी बाळापूरच्या किल्ल्याखाली मोगल-मराठ्यांची अख्खी फौज कुत्र्यांनी पळवली. चाळीस शिपाई, हातात तलवारी, आणि मागं साठ कुत्रे. पार नदीपर्यंत.

हे मी परवा दुकानाच्या ओट्यावर बसून सांगत होतो. ऐकायले दोघंच. एक शेजारचा सायकलवाला परवेज, जो माझं काहीच खरं मानत नाही. दुसरी संध्या, किसनराव गुरुजींची पोरगी. गुरुजी जाऊन दोन वर्षं झाली. पोरगी अमरावतीले शिकते. बापाचं लढाईचं पथक पुन्हा उभं करते म्हणते, आणि त्याचं चामड्याचं काम मले, या गयासुद्दीनले, द्यावं का नाही, हे ठरवायले आली होती. मांडीवर बापाचा जुना जोडा. काम देण्याआधी तिले एकच गोष्ट पायजे होती, दोन हजार सहा साली पथक बुडालं कशानं.

"चाचा, बाबांनी कधी सांगितलं नाही. तुमीच सांगा."

"सांगतो, पोरी. दगा झाला. माझ्यासंग."

गुरुजी शाळेत इतिहास शिकवायचे आणि दर जानेवारीत किल्ल्यात गावच्या पोरांकडून जुनी लढाई उभी करायचे. खूळ एकच, त्या काळी जे नव्हतं ते अंगावर नको. पोराच्या मनगटावर घड्याळ दिसलं तर त्याले लढाईआधीच मेलेला धरत. चामडं माझ्याकडे, कारण माझे आजे-पणजे घोड्यांची खोगिरं शिवत. डब्यातल्या पॉलिशचं नाव काढलं की गुरुजींचा घास अडायचा. म्हणायचे, "गयासभाई, आपल्या शिपायाचा जोडा आरशासारखा नव्हता, तव्यासारखा होता."

म्हणून मी जुन्या रीतीनं करायचो. बकऱ्याची चरबी वितळवायची. त्यात बुरुजावरच्या मोहोळाचं मेण, जवसाचं तेल आणि दिव्याची काजळी. ब्रश नाही, फडकं नाही. तळहातानं चोळायचं, कारण हाताच्या उबेनंच मेण कातड्यात उतरते. मग दोन दिवस सावलीत. जवसाच्या तेलातली ती काजळी नखात बसली की महिनाभर निघत नाही.

"एका ईदेले मी गळाभेट घ्यायले गेलो," मी संध्याले म्हटलं, "तं लोक माझे हात पाहून दुसऱ्या रांगेत जाऊन उभे राह्यले. साबण, राख, लिंबू, रॉकेल, सगळं करून पाह्यलं."

"हे खरं आहे," परवेज म्हणाला. "एवढंच."

त्या साली अमरावतीहून निवडीचे लोक येणार होते. त्यांची अटही गुरुजींसारखीच, सगळं त्या काळचं पायजे. पथक पसंत पडलं तर अमरावतीच्या मोठ्या मैदानात खेळ, आणि मग दरसाल. गुरुजी वीस वर्षं याचीच वाट पाहत होते. आता अडचण अशी, की तेव्हा जवस कोणी पेरतच नव्हतं. या बांधापासून त्या बांधापर्यंत कपाशी, तीही अळीनं खाल्लेली. तेल मिळेना. मी सायकल काढली आणि थेट हिवरखेड गाठलं. तिथं चतुराबाई नावाच्या म्हातारीनं विहिरीच्या काठानं जवसाची एकशे अकरा रोपं राखली होती. म्हटलं, बाई, इतिहासासाठी पायजे. ती म्हणे, इतिहासानं आमाले काय देल्लं? तरी दिलं बिचारीनं.

"एकशे अकरा रोपांत चाळीस जोडे?" परवेजनं विचारलं.

"बरकत."

बुधवारी मी चाळीस जोडे आणि तलवारी अडकवायचे चाळीस पट्टे या दोन हातांनी चोळून काळे केले. शुक्रवारी माझ्या पोरीची, तुबाची मंगनी. पांढरी शेरवानी घालून एकेका पाहुण्याले स्वतःच्या हातानं पेढा भरवला, शेरवानीवर डाग म्हणून नाही. रविवारी खेळ.

निवडीचे लोक गाडीतून उतरले, हातात कागद. त्या दिवसांत असे कागदवाले सतत यायचे, शेतकऱ्यांची चौकशी करायले. लोकांले वाटलं, हे तेच. दोघांनी त्यांचा हात धरून त्यांले कोरडी विहीर दाखवायले नेलं. तासाभरानं ते सुटून आले. लढाई सुरू झाली, आणि चरबीच्या वासावर कुत्रे आले. मोगल पळाले, मराठे पळाले, शहीद झालेले उठून पळाले.

"मी तेव्हा घरी तापानं पडलेली होती," संध्या म्हणाली. "कुत्र्यांचं आजच ऐकून राहिली."

"म्हणून तं सांगून राहिलो. पुढं ऐक."

खेळ संपल्यावर निवडीतल्या बाईनं एक जोडा उचलून नाकाशी धरला. म्हणे, हे तर डब्यातलं पॉलिश आहे. गुरुजींनी माझ्याकडे पाह्यलं, मी गुरुजींकडे. पथक बाद.

"आता तूच पाह्य पोरी," मी म्हटलं. "शनिवारी रात्रभर जोडे तुझ्या बापाच्या घरी. तव्यासारखं काळं पाहून त्याचं मन डगमगलं असंल. मोठ्या लोकांपुढं जरा चमकावं म्हणून त्यानंच वरून डबा फिरवला. आणि बाईले काय सांगितलं? चूक पथकाची आहे म्हणे. पथकात चामड्याचं काम कोण करते? मी. नाव न घेता माझी मान कापली. सख्ख्या भावासारखं मानलं होतं मी त्याले. त्या दिवसापासून तो या दुकानावरून गेला नाही. नदीकडून वळसा घालून शाळेत जाय. बारा वर्षं मी हा दगा पोटात ठेवला."

संध्या जोड्याच्या टाचेवरून अंगठा फिरवत होती.

"चाचा, तुबादीदीच्या मंगनीले मी होती."

"होती ना. एवढीशी. दोन पेढे खाल्ले तू."

"दोन्ही तुमच्या हातचे. अत्तराचा वास येऊन राहिला होता." तिनं जोडा उलटा करून ओट्यावर ठेवला. "बुधवारी काजळी चोळली म्हणता, अन् शुक्रवारी तुमची नखं पांढरीशुभ्र होती, चाचा. जवस तुमाले भेटलंच नव्हतं. डबा तुमचाच होता. अन् बाबांनी तरी तुमचं नाव घेतलं नाही."