अपशकुनी कान

मी एक जुनी राखणीची कुत्री आहे. नाव वाघी, गाव कळस. मित्रांनो, म्हस्कूतात्यांच्या घरी मेंढ्या होत्या तेव्हा माझी आजी लांडग्याला भिडली होती, असं अजून कौतुकानं सांगतात. मेंढ्या गेल्या, ऊस आला, माझ्या वाट्याला अंगण राहिलं. तेही मी चोख राखलं. भाकरीला कधी कमी पडलं नाही, खोटं कशाला बोलू?

मागच्या हिवाळ्यात घरची मांजर माझ्या पोत्यावर निजायला आली आणि काही दिवसांत माझा कान खाजू लागला. अशी खाज, की जीव नकोसा व्हावा! आत चहाच्या चोथ्यासारखी काळपट घाण साठली, वास येऊ लागला. माझं एकुलतं पिल्लू ठिपक्या माझ्याच कुशीत झोपायचं. तेही डोकं झटकू लागलं.

अन् इथंच माशी शिंकली. तात्या लेकीची, सुकन्याची, सोयरीक जमवायला बारामतीला निघाले आणि नेमके उंबऱ्याशी आम्ही मायलेकरांनी कान फडफडवले.

"मेल्यांनी अपशकुन केला!" तात्यांच्या कारभारीण तानूबाई कडाडल्या. "वाईच बसा, पाणी पिऊन मग जावा."

तात्या पाणी पिऊन गेले. सोयरीक मोडली ती मोडलीच. दोष कुणाचा? आमचा! संध्याकाळी तात्यांनी ठिपक्याला पोत्यात घातलं आणि मोटारसायकलवरून अंथुर्ण्याच्या रस्त्याला सोडून आले. मी ओढ्यापर्यंत मागं धावले. पुढं पाय चालेनात.

नंतर माझा कान टम्म सुजला. सुकन्यानं हट्टानं बापाला इंदापूरला जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं, मलाही घेऊन.

डॉक्टरांनी कानात बघितलं. "बारीक किडे झालेत. कान साफ करून हे औषध घाला. घरातल्या सगळ्या कुत्र्यामांजरांना एकदमच द्या, नाहीतर परत होईल. अजून कोण आहे?"

"मांजर हाय," सुकन्या म्हणाली. "अन् एक पिल्लू…"

तात्या मान खाली घालून म्हणाले, "पिल्लू न्हाय आता."

परतताना ते अंथुर्ण्याच्या रस्त्यानं हाका मारत हिंडले. काही मिळालं नाही.

मित्रांनो, तुमचं जनावर कान झटकत असेल तर शकुन बघू नका, त्याच्या कानात बघा. रॉकेल, तेल ओतू नका, डॉक्टरांकडं न्या. माझे कान आता बरे झालेत, सगळं लख्ख ऐकू येतं. रस्त्यावर कुठंही पिल्लू केकाटलं, की मी धावत जाते. अजून एकदाही ते माझं निघालं नाही.