मॅडमचा पान्हा

हवामानकाकांची नोकरी गेली ती त्यांना शेती जमायला लागली म्हणून.

उभी हयात त्यांनी टीव्हीवर हवामान सांगितलं. ते ‘छत्री घ्या’ म्हणाले की शहरातले लोक निर्धास्तपणे गाद्या उन्हात टाकत, इतका त्यांच्यावर विश्वास. निवृत्तीनंतर त्याच वाहिनीने त्यांना एका भाड्याच्या शेतावर नेऊन सोडलं आणि चहूबाजूंनी कॅमेरे लावले. कार्यक्रमाचं नाव ‘शिकाऊ शेतकरी’. ज्याला जन्मभर आभाळातलं कळलं नाही त्याला जमिनीतलं काय कळतंय, हे बघायला लोक बसतील, असा वाहिनीचा हिशेब.

लोक बसले. काका शेणखताच्या खड्ड्यात पडले, ते पडणं लोकांनी सहकुटुंब पाहिलं. ट्रॅक्टर मागे घ्या म्हटलं तर तो पुढे गेला, जाताना कुंपणही बरोबर घेऊन गेला. शेळीने काकांचे संवाद खाल्ले, आणि त्या दिवशीचं काम एकंदरीत बरं झालं. पण हळूहळू काका पडेनासे झाले. ट्रॅक्टर सांगितल्या दिशेला जाऊ लागला. कोबीने गड्डा धरला, तसा दिग्दर्शकाचा चेहरा उतरला.

“काका, तुम्ही फारच शिकलात हो,” तो म्हणाला. “आता लोकांनी बघायचं काय? कोबी?”

कार्यक्रम गुंडाळला गेला. पंचाईत अशी, की काकांचा जीव तोवर शेतात गुंतला होता, आणि सगळ्यात जास्त गायीत. गायीला सगळे ‘मॅडम’ म्हणत. हे नाव मेकअपवाल्याने ठेवलेलं. प्रत्येक दृश्य संपलं की तो तिच्या मानेवरून ब्रश फिरवी, आणि नट मंडळींपेक्षा ही बरी, निदान आरसा मागत नाही, असं म्हणे. शेताचा मालक पुढेही शेत काकांनाच द्यायला तयार होता. अडून बसल्या होत्या त्या काकू.

काकू विमा कंपनीत दावे तपासायच्या. माणूस रडत आला की त्या आधी त्याला पाणी द्यायच्या आणि मग पुरावा मागायच्या. निवृत्तीने पाणी देणं तेवढं कमी झालं होतं.

“टीव्हीवरचं मला सांगू नका,” त्या फोनवर म्हणाल्या. “मागे नुसती हिरवी भिंत असताना तुम्ही ढगांवर हात फिरवत होतात. कॅमेरा नसताना माझ्या डोळ्यांदेखत बादलीभर दूध काढून दाखवा. काढलंत तर घराला कुलूप लावून मी तिकडे येते. नाही जमलं, तर तुम्ही मुकाट्याने घरी यायचं.”

“काढतो की,” काका म्हणाले. सकाळ-संध्याकाळ धार काढून काढून ते काम त्यांच्या डाव्या हातचा मळ झालं होतं.

संध्याकाळच्या धारेचं शेवटचं चित्रण करून सगळी मंडळी सामानासकट गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने काकू आल्या. गोठ्यात एक खोकं उपडं करून बसल्या, चष्मा लावला आणि म्हणाल्या, “हं.”

काकांनी आंबोण ठेवलं, कास धुतली, बादली गुडघ्यांत धरली. मॅडमने आंबोण खाल्लं. मग मान वळवून ती कोपऱ्याकडे बघत राहिली. धार येईना. कास तर तट्ट भरलेली.

“पान्हा चोरतेय,” काका म्हणाले. “होतं असं कधीकधी.”

“कधी झालंय?”

“आजच.”

एवढ्यात कुंपणावरून शेजारचा शेतकरी डोकावला. काकांना तो मनापासून मानायचा. कुंपण नवं करून मिळालं होतं. “गायीला परकं माणूस चालत नसतं,” तो छातीठोकपणे म्हणाला. “वहिनींना बाहेर बसवा.” काकू बाहेर बसल्या. “कोमट पाण्याने शेका.” शेकलं. “मग तुम्ही काल काहीतरी बोललात तिला.” काकांनी गायीची माफी मागितली. शेवटी “गाय म्हटलं की असायचंच” असा निष्कर्ष काढून शेजारी आपल्या गायीकडे गेला.

काकू आत आल्या. काकांच्या कपाळावरचा घाम बघून त्यांचा आवाज जरा उतरला. “जाऊ द्या हो. खड्ड्यात पडलात ते मात्र खरं होतं, तेवढं मी मानते. बॅग भरा. दुपारची बस मिळेल.”

त्यांनी चष्मा काढून चष्म्याच्या घरात ठेवला आणि घर मिटलं. टक्.

मॅडमचे कान ताठ झाले. आचळातून एक थेंब टपकला.

“अगं,” काका हळूच म्हणाले, “ते पुन्हा कर.”

“काय करू?”

“चष्म्याचं घर. उघड आणि आपट.”

टक्. आणखी दोन थेंब.

काकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. “रोज धारेआधी एक जण कॅमेऱ्यासमोर ती शूटिंगची पाटी आपटायचा. टक्. मग दिग्दर्शक म्हणायचा ‘ॲक्शन’, आणि मग मी हात लावायचो. त्याशिवाय हिला कधी पिळलंच नाही. अगं, हिच्या मते अजून शूटिंग सुरूच झालेलं नाही.”

“म्हणजे ही वाट बघतेय?”

“कामाला पक्की आहे. आता ॲक्शन म्हण.”

“मी काही म्हणणार नाही. गायीसमोर काय तमाशा.”

मॅडमने काकूंकडे पाहिलं. काकूंनी मॅडमच्या कासेकडे पाहिलं. मग रांगेतल्या पुढच्या माणसाला बोलवायच्या त्या ऑफिसातल्या आवाजात त्या म्हणाल्या, “ॲक्शन.”

बादलीच्या तळावर धार वाजली. काकांचे हात लयीत चालू लागले, फेस चढत गेला. काकू वाकून बघत होत्या. हिरवी भिंत कुठेच नव्हती.

बादली भरली. काका उठले. “कॅमेरा नव्हता,” ते म्हणाले.

“नव्हता. पण तुमच्या एकट्याच्याने झालंही नाही.”

यावर पुष्कळ बोलता आलं असतं. काकांनी बादलीकडे पाहिलं. “नाही झालं,” ते म्हणाले. “तू नसतीस तर नसतंच झालं.”

काकूंनी बादली दोन्ही हातांनी बाजूला सरकवली. असा दावा त्यांच्या टेबलावर आजवर आला नव्हता. मॅडम मात्र शेपटीही न हलवता पुतळ्यासारखी उभी होती.

“हिला काय झालं आता?”

“तू कट म्हटलं नाहीस.”

“कट,” काकू म्हणाल्या.

मॅडमने मोठा सुस्कारा सोडला, ती वळली आणि मान लांब करून काकूंच्या पुढ्यात धरली.

“आता काय?”

“मेकअप.”

काकूंनी हातातलं चष्म्याचं घर पर्समध्ये टाकता टाकता थांबून गोठ्याच्या फळीवर नीट ठेवलं आणि मेकअपवाला तिथेच विसरून गेलेला ब्रश उचलला.

“संध्याकाळची धार किती वाजता असते?” मानेवरून ब्रश फिरवत त्यांनी विचारलं.

“पाचला,” काका म्हणाले. त्यांना एकदम मोकळं मोकळं वाटलं. दारातून त्यांनी अनुभवी नजरेने वर पाहिलं. “आभाळ कसं स्वच्छ आहे. आज बाहेरच बांधू तिला.”

“आतच बांधा,” काकू म्हणाल्या.