मामा, कृपा आणि बंद पडलेली लिफ्ट

लिफ्ट दुरुस्त झाली, आजी रविवारी चर्चमध्ये पोचल्या आणि पणतीचा बाप्तिस्मा त्यांनी पहिल्या बाकावरून पाहिला. आता हे विसरा. आपण काहीच केलेलं नाही, असं आमच्या मामांचं म्हणणं आहे, आणि त्यांच्याशी वाद घालायला माझ्याकडे तेवढं आयुष्य नाही. तेव्हा असं काही घडलंच नाही, असं धरून चालू.

लिफ्ट आठवडाभर बंद होती. आजी, म्हणजे मामीच्या आई, मामांच्याच घरी पाचव्या मजल्यावर. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. बाप्तिस्मा उद्यावर आलेला. आणि मामा लिफ्टचे मेकॅनिक. एवढ्यावर तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली. मलाही तसंच वाटलं होतं.

पण मामांनी मोबाईलवर कुठलंसं प्रवचन ऐकलं होतं: माणूस केवळ श्रद्धेने तरतो, कर्मांनी नाही. त्यातून मामांनी असा अर्थ काढला, की पगारासाठी गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करायला हरकत नाही; पण सासूसाठी फुकट दुरुस्ती करणं म्हणजे सत्कृत्य, आणि सत्कृत्य म्हणजे स्वर्गात वशिला लावणं.

"मी श्रद्धा ठेवून बसलोय," मामा सोफ्यावरून म्हणाले.

"बसलायत ते दिसतंय," मामी म्हणाली, आणि तिने फादरना फोन लावला.

फादर पाच मजले चढून आले, चौकट धरून उभे राहिले आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिले. मग म्हणाले, "तारण कमावता येत नाही, हे खरं. सुरुवात देवाच्या कृपेनेच होते. पण आपलं चर्च म्हणतं, नुसती श्रद्धा पुरत नाही. तिने प्रेमापोटी कामाला लागायला हवं. देवाने हात पुढे केला, तर आपण खिशात हात घालून बसायचं का?"

"म्हणजे कमवायचंच ना?"

"कमवायचं नाही हो! पाना घ्यायचा!"

मामा भडकले. "आता बघाच," म्हणत बाहेर गेले, लिफ्टमध्ये शिरले, जाळीचं दार ओढलं आणि डोळे मिटून बटण दाबलं. लिफ्ट चक्क हलली! मामांच्या चेहऱ्यावर संताची कळा आली. मग अर्धा मजला उतरून लिफ्ट थांबली, आणि मामांचं डोकं तेवढं जाळीतून आमच्या पायांशी दिसू लागलं.

इमारतीतला एकुलता एक लिफ्ट मेकॅनिक आता लिफ्टमध्ये अडकला होता.

"स्क्रू ड्रायव्हर दे गं," डोकं म्हणालं.

"कशाला? श्रद्धा संपली?" मामीने विचारलं.

"फादर, हिला सांगा काहीतरी!"

"मला जरा दम खाऊ द्या," पायरीवर बसलेले फादर म्हणाले.

तेवढ्यात भिंतीला धरत आजी दारापर्यंत आल्या. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "पणतीला अजून मांडीवर घेतलं नाही मी. तुम्ही खुशाल स्वर्गात जा. मला फक्त तळमजल्यावर जायचंय."

जाळीतून मामांचा हात बाहेर आला. मामीने त्यावर स्क्रू ड्रायव्हर ठेवला.

दाराचा स्विच सैल झाला होता. चहाला उकळी यायच्या आत काम झालं. लिफ्ट वर आली, मामा काळे हात घेऊन बाहेर पडले आणि म्हणाले, "मी काही केलं नाही. कृपेने झालं."

आता फादर त्यांना झापतील, म्हणून मी सरसावून उभा राहिलो.

"अगदी बरोबर," फादर म्हणाले. "चांगलं काम करायचं बळही कृपाच देते. आपण फक्त तिला नाही म्हणायचं नसतं."

आपण जिंकलो की हरलो, हे मामांना कळेना. म्हणून ते हसले.

"मग आठवडाभर ही कृपा होती कुठे?" मामीने कपाळाला हात लावला. "सोफ्यावर?"

फादर लगबगीने लिफ्टने खाली गेले.

सबब, स्वर्गातील वरिष्ठांना नम्र विनंती, की यापुढे आमच्या इमारतीसाठी मंजूर होणारी कृपा मामांमार्फत न पाठवता थेट लिफ्टच्या मोटरवर उतरवण्यात यावी. मध्यस्थामुळे विलंब होतो.