अंगठ्याएवढं अंगण

मुलांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुमच्या उजव्या पायाचा अंगठा अंगणाएवढा झाला आहे. दिसायला तो होता तेवढाच. पण अंगणात कुणी पाऊल टाकलं, की ते अंगठ्यावर पडतं. माझं तसं झालं आहे.

सुरुवात चादरीपासून झाली. चादर अंगठ्याला टेकली आणि मी ओरडलो. दुसऱ्या दिवशी खोलीतल्या मांजराची पावलं लागू लागली, तिसऱ्या दिवशी पडवीतली. आता फाटकापर्यंतची सगळी जमीन मला दुखते. मुंग्यांची रांग कुठून कुठे चालली आहे, ते मी पडल्या पडल्या सांगू शकतो.

डॉक्टर फाटकाबाहेर उभे राहून बोलले.

"गुरुजी, रक्तात युरिक ॲसिड साडेनऊ! मिठागरात पाणी आटलं की खडे धरतात ना, तसे सांध्यात धरलेत. खाता काय?"

"मुलं आणतात ते. सुकट, करंदी, तिसऱ्या. सगळी मासळीच."

शिकवणीला येताना प्रत्येक घरातून एक वाटी यायची. नाही म्हणणं मला जमलं नाही.

"म्हणजे पोरांच्या मायेनं वाढलं. पाणी किती पिता?"

"दोन पेले. संडास मागच्या अंगणात आहे."

"वडिलांना होता हा त्रास?"

"होता."

"मग झालंच! रक्तदाबाची ती लघवीची गोळी बदलू, तिनंही वाढतं. मूत्रपिंडं तुमच्याच वयाची, किती उपसणार? पाणी भरपूर प्या. आणि उपाशी राहू नका, त्यानंही वाढतं."

माठ स्वयंपाकघरात आहे. मी स्वतः चाललो तरी माझ्याच अंगठ्यावरून चालतो.

गावानं माझी काळजी घेतली. कुणी चुकून आत येऊ नये म्हणून कोळीवाड्यातल्या माणसांनी कुंपणाला जुनं जाळं बांधलं. शिकवणी बंद झाली, वाट्या बंद झाल्या. चार दिवस मी काही खाल्लं नाही. उशाशी तांब्या होता, तो काल संपला. आज सकाळी अंगठा फाटकाबाहेर हातभर सरकला. उद्या तो रस्त्याला लागेल. मग शाळेत जाणारी सगळी मुलं त्याच्यावरून चालतील, मी ओरडेन, आणि गाव त्यांना दुसऱ्या वाटेनं नेईल.

दुपारी उघड्या दारातून जाळ्यापलीकडे जुईली तांडेल दिसली. तिसरीतली. कमरेवर कळशी.

"गुर्जी, सुकट नाय आनली. आय बोलली, पानी ने."

"तिथेच ठेव, बाळ."

"तिथं ठेवून तुमी पिनार कसं? नळीनं?" ती हसली. मग तिनं कळशी सावरली. "तुमाला कुठं नाय दुखत?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी शोधलं. "कानात नाही दुखत."

"मग मी मोजत येते. तुमी ऐका."

तिनं फाटकापासून माझ्या खाटेपर्यंत बोट फिरवलं. अंतर नजरेनं मोजायला मीच शिकवलं होतं.

"अठरा पावलं, गुर्जी. सोसाल?"

"सावकाश टाकशील?"

"कळशी भरलेली हाय. सावकाशच पडतील."

तिनं हातभर लांबूनच जाळं वर केलं. चपला काढून फाटकाला अडकवल्या, कळशी डोक्यावर घेतली, मोठ्यानं "एक" म्हटलं आणि उजवा पाय उचलला.

तो अजून हवेत आहे.